नुसता ओला बर्फ

बर्फ थंड लागला नाही, नुसता ओला लागला. सकाळच्या फेरीला डॉक्टर तेओह आला, कागदी पेल्यातला बर्फाचा खडा त्याने सालवानीच्या मांडीवरून गुडघ्यापर्यंत फिरवला आणि "थंड?" असं विचारलं, तेव्हा काहीतरी सरकतंय हे तिला कळलं, मागे ओल राहिली हेही कळलं, पण थंडी म्हणून जी असते ती कुठेच नव्हती. मग त्याने तोच खडा तिच्या गळ्याखाली टेकवला आणि ती केवढी दचकली. "छान," तो म्हणाला. "तू पोरांना शिकवतेस तस्संच आलंय. पाय उचल बघू." तिने दोन्ही गुडघे उचलून दाखवले. "बघ! काल पोट फाडलं आणि आज लाथा झाडतेयस. उद्या माझ्या आधी ड्यूटीवर येशील." उरलेला खडा बेसिनमध्ये टाकून तो हसत निघून गेला. हाच बर्फ आणि हाच प्रश्न घेऊन सालवानी स्वतः मलेशियातल्या कोटा भारूच्या ह्याच इस्पितळात किती बायकांच्या खाटांशी उभी राहिली असेल, त्याला गणती नाही. भूल देणं हाच तिचा धंदा. पण नुसता ओला बर्फ म्हणजे काय ते तिला आज, एकोणचाळिसाव्या वर्षी, पहिल्या बाळंतपणात कळलं, आणि तेव्हापासून छातीत जे लकलकायला लागलं ते दुपार झाली तरी थांबेना.

तिने चादरीखाली हात घालून मांडी चाचपली. हाताला मांडी लागत होती, मऊ, कोमट, थोडी घामेजलेली. मांडीला हातही लागत होता, पण दाराबाहेरून कुणी टकटक करावं तसा. चिमटा काढला तर चिमटा काढलाय एवढीच बातमी आली. पाठीच्या कण्याशी शिरलेल्या दोऱ्याएवढ्या नळीतून जे थेंब थेंब आत जात होतं त्याला इथे सगळे कॉकटेल म्हणतात. तिच्या नवऱ्याने, फैरुझने, काल कळांच्या खोलीत ते नाव ऐकून कानाला हात लावले होते. "वानी, बाळ बाहेर यायच्या आधीच तू कॉकटेल मागवतेस? इमामसाहेबांना काय सांगू मी?" एवढ्या कळा चालू असूनही ती हसली होती. दोन औषधं असतात. एक बधिर करणारं, एक अफूच्या कुळातलं. पहिलं एकटंच दिलं तर दुखणं जातं पण पाय ओंडके होतात. दुसरं एकटंच भरपूर दिलं तर पाय राहतात पण श्वास मंदावतो, आणि बाई गाढ झोपलीय म्हणून घरची माणसं पावलं न वाजवता वावरत असतात तेव्हा ती झोपेतच श्वास घ्यायचं सोडून देते. दोन्ही थोडी थोडी एकत्र घातली की एकमेकींच्या धाकाने नीट वागणाऱ्या दोन जावांसारखी गुमान कामं करतात. वर्गात ती हे असंच सांगे. पोरं हसत आणि लक्षात ठेवत. ह्या जावा कधीमधी एक होऊन घरावर उलटतात, हेही ती सांगे, पण ते अगदी शेवटी, तास संपता संपता.

आता डोक्यात तेवढं शेवटचंच उरलं होतं. नाकाचा शेंडा खाजत होता. ते अफूचं काम, त्यात घाबरण्यासारखं काही नाही, हे तिला ठाऊक होतं आणि ठाऊक असूनही ती घाबरत होती. डोळे जड होत होते. तेही अफूचंच, की काल रात्रभरच्या जागरणाचं? हे दुसऱ्या कुणाच्या खाटेशी उभं राहून तिने क्षणात सांगितलं असतं. स्वतःचं सांगता येईना. ती श्वासाकडे लक्ष द्यायला लागली, आणि श्वासाकडे एकदा लक्ष गेलं की तो आपला आपण चालेनासा होतो. प्रत्येक वेळी आतून ढकलावा लागतो. एक घेतला. आता पुढचा येईल ना? आला. बोटाला लावलेला चिमटा आणि कोपऱ्यातला पंप आपापल्या जागी इमानाने टकटक करत होते, तिने स्वतः निवडून आणलेली यंत्रं ती, आणि त्यांच्यावर तिचा काडीचा विश्वास उरला नव्हता. शेजारच्या काचेच्या पाळण्यात मुलगी झोपली होती. नाव सातव्या दिवशी ठेवायचं, तोवर नुसतीच मुलगी. सालवानीने तिला बाहेर येताना अनुभवलंही नव्हतं. पडद्यापलीकडे कुणी पिशवीत हात घालून काही शोधावं तशी ओढाताण जाणवली, आणि मग एकदम रडणं. एवढ्या वर्षांनी, दोन गर्भ पडून गेल्यानंतर, मिळालेलं पोर. आपण झोपलो आणि श्वास थांबला तर हिला आपला वाससुद्धा आठवणार नाही, असा विचार आला आणि तिच्या पोटात गोळा उठला. म्हणजे पोटात नव्हे. पोट तर बंद होतं. भीतीलासुद्धा उतरायला जागा नव्हती, ती गळ्याशीच अडकून राहिली.

शुक्रवारची दुपार. सुट्टीचा दिवस, पुरुषमाणसं मशिदीत, रस्ता चिडीचूप. मशिदीतल्या प्रवचनाचा, खुतब्याचा आवाज लांबून येत होता, शब्द कळत नव्हते. फैरुझ नमाज आटोपून परस्पर घरी जाणार होता, बाळाची वार धुऊन, मीठ-चिंच लावून, पांढऱ्या कापडात गुंडाळून अंगणात पुरायची होती. बापाचं काम ते. नर्सला इथे मिसी म्हणतात. आज ह्या मजल्यावर एकच मिसी होती, झैतुन, आणि ती दुसऱ्या टोकाला कुणा नव्या बाईपाशी होती. सालवानीला वडील आठवले. कारण नव्हतं, पण ते अशा वेळी आठवतातच. बाटिकच्या कारखान्यात कापडावर मेणाचे ठसे मारायचे. पोटात गाठ झाली तेव्हा नदीकाठच्या त्या लाकडी घरात पलीकडच्या खोलीत पडून असत, आणि फळ्यांच्या भिंतीतून सगळं ऐकू येई. ओरडत नसत. ओरडले असते तर बरं झालं असतं. दात खाऊन नाकातून एक बारीक आवाज काढत, आणि गावचा डॉक्टर "फार दुखतं का?" म्हणून विचारी तेव्हा म्हणत, "थोडंसंच." इथल्या माणसांचं हे असंच. सोसणं हा मोठेपणा, बोलणं ही लाज. सालवानीच्या वॉर्डात दुखण्याला शून्य ते दहा आकडा विचारतात, तर बायका खाटेचा कठडा उपटायला आलेल्या असतात आणि सांगतात, तीन. ती त्या तीनला मनात दुप्पट करून औषध लावते. वडिलांसाठी तेव्हा असली नळी नव्हती. आई मात्र होती, आणि आईचा शेकायचा दगड.

दार ढकलून आईच आली. सालवानी तिला माक म्हणायची, इथे सगळेच आईला माक म्हणतात. सत्तरीची, ठेंगणी, डोक्यावरून फुलाफुलांचा तुडुंग, एका हातात केळीच्या पानातला भात आणि दुसऱ्या काखेत रुंद तोंडाचा मोठा थर्मास, बाळाच्या दुपट्यात लपवून आणलेला.

"मिसी नाही ना इथे?" तिने दार लावून घेतलं. "त्या झैतुनच्या आईच्या पोटावर मी दगड फिरवलाय तिच्या वेळी, आणि ही आज मला नियम सांगते. म्हणे बाहेरचं गरम काही आणायचं नाही. भात चालतो, मग दगडाने काय पाप केलंय?"

"माक, मला टाके आहेत."

"पोटाला कोण हात लावतंय? मांड्या शेकू, कंबर शेकू. गार पडलीयस नुसती. त्या ऑपरेशनच्या खोलीत म्हणे बर्फासारखं गार असतं. वारा शिरला की जन्माचा शिरतो, मग म्हातारपणी रडशील माझ्या नावाने."

"माक, त्यापेक्षा एक काम कर." सालवानीने तिचं मनगट धरलं. "इथे बस आणि माझ्या छातीकडे बघत राहा. मी झोपले आणि श्वास फार हळू झाला तर हलव मला. जोरात हलव."

आईने तिच्याकडे बघितलं. "झोपायचं नाहीच मुळी. बाळंतिणीने दिवसा झोपलं की रक्त डोक्यात चढतं. तू एवढी डॉक्टर झालीस आणि आज पहिल्यांदा शहाण्यासारखं बोललीस." दोघींची कारणं वेगळी होती, पण न झोपण्यावर एकमत झालं, आणि सालवानीला सकाळपासून पहिल्यांदा थोडं हायसं वाटलं. कुणीतरी जागं होतं. तिने मनगट सोडलं.

आईने थर्मासचं झाकण काढलं. वाफेचा लोट वर आला. नदीतला तो काळा गोटा, सालवानीच्या जन्माच्याही आधीपासून घरातला. सगळ्या मोहल्ल्यातल्या ओल्या बाळंतिणींच्या अंगावरून फिरलेला, आणि शेवटी शेवटी वडिलांच्या फुगलेल्या पोटावरूनही. आईने पाणी बेसिनमध्ये ओतलं, गोटा तळहातावर घरंगळू दिला, बारतोंडीच्या पानात आणि मग जुन्या सारोंगच्या फडक्यात गुंडाळला. शिजल्या पानाचा तो तुरट वास खोलीभर झाला, औषधांच्या वासाच्या वर चढून बसला. सालवानीचा विरोध त्या वासातच निम्मा विरघळला. लहानपणी ती उंबऱ्यात बसून बघायची: आडवी झालेली कुणीतरी शेजारीण, तिच्या कमरेशी बसलेली आई, दगड आधी स्वतःच्या तळहाताला, मग बाईला. बायका डोळे मिटून उसासे टाकायच्या. आईचे हात असे तिच्या वाट्याला कधी आले नव्हते. आधी शाळेसाठी मावशीकडे, मग वसतिगृहात, मग परदेशी. आईने तिला शेवटचं कधी चोळलं-माखलं ते आठवतही नव्हतं. आता गाठोडं मांडीवर टेकलं आणि गुडघ्याकडे सरकायला लागलं. वजन कळलं. दाब कळला. मुठीचा गोलवा कळला. पाय तर हलत होता. तिने घोटा फिरवून बघितला. इतकं कळतंय म्हणजे बरंच कळतंय, असं तिला वाटलं.

"गरम नाही ना जास्त?" आईने विचारलं.

"नाही. ठीक आहे."

"नक्की? नीट सांग."

"बरं वाटतंय, माक. कर तू."

आणि खरंच बरं वाटत होतं. कोमट, जड, आईचा हात. डोळे मिटत होते आणि ती ते मिटू देत होती; छातीकडे बघायला माणूस होतं. गाठोडं एका जागी थांबायचं, दाबून धरलेलं राहायचं, मग पुढे जायचं. आई बाळाच्या कपाळाविषयी काहीतरी बोलत होती, कपाळ बापाचं, नाक आपल्याकडचं, बरं झालं उलट नाही. श्वास आपला आपण चालायला लागला होता. भीती कुठे जात नाही, पण ती खाटेच्या पायथ्याशी जाऊन बसली होती, मांजर बसतं तशी. सकाळपासूनचा तो सगळा हिशेब, दोन जावा, अफू, श्वास, सगळं लांब गेलं. ती झोपली नव्हती. झोपेच्या काठाशी होती.

"हिलाही थोडं," आई म्हणाली. "पोट बघ कसं टम्म झालंय. गॅस आहे, गॅस. तुला बाधलं नाही ना? मग हिला एक पदर जास्त घालून."

पाळण्याची काच वाजली. बाळ खाटेवर, सालवानीच्या कुशीशी आलं. आईने दुपटं सोडलं. इवलंसं तांबूस पोट, त्यावर नाळेचा चिमटा. सालवानीने डोळे उघडले ते बाळाकडे बघायला. बघता बघता नजर खाली गेली. तिचा सारोंग मांडीवरून बाजूला झाला होता आणि मांडीवर एक मोठा लाल डाग होता, गोट्याएवढा, मधोमध पांढुरका, कातडी सुरकुतलेली. तिने ते बघितलं, पण ही मांडी तिची नसल्यासारखी नजर त्यावरून पुढे गेली, आणि पुन्हा परत आली. भाजलंय. कुणाला भाजलंय? मग सकाळचा बर्फ एकदम अंगावर आला. थंडी कळत नाही म्हणजे गरमही कळत नाही. दोन्हीची वाट एकच, ती सगळ्यात आधी बंद होते. पहिल्या वर्षाच्या पोराला हे येतं. तिने "नाही" म्हटलं होतं. "ठीक आहे" म्हटलं होतं. दिवसभर ती श्वासावर पहारा देत बसली, आणि खोटं तिच्या तोंडूनच बाहेर पडलं होतं, खोटं बोलतोय हे न कळता.

"माक, थांब!"

"अगं, तूच म्हणालीस ना की..."

गाठोडं बाळाच्या पोटावर येत होतं. सालवानीने हात घातला आणि ते मध्येच पकडलं. फडकं एका बाजूने सुटलं होतं; तिचा तळवा थेट दगडावर बसला. सगळ्या दिवसात पहिल्यांदा काहीतरी खरं लागलं. हाताला नळी नव्हती, हाताला कुणी बंद केलं नव्हतं. आग खांद्यापर्यंत गेली आणि तोंडातून जी किंकाळी निघाली ती तिने स्वतःची कधी ऐकली नव्हती. आई घाबरली. पोरीच्या डोक्यात रक्त चढलं, असंच तिला वाटलं असणार. इथे बाळंतिणी अशा वेड्या होतात, आपलंच पोर भिंतीवर आपटतात, अशा गोष्टी तिने आयुष्यभर ऐकल्या होत्या. तिने गाठोडं अजून घट्ट धरलं. "सोड वानी, सोड! बाळावर पडेल!"

"तू उचल! बाळाला उचल आधी!"

"मी सोडलं तर पडेल!"

दोघींच्या मुठीत तो दगड आणि खाली ते उघडं पोट. मी सोडलं तर पडेल, हे तर सालवानीलाही दिसत होतं. बोटं आपोआप उघडायला बघत होती आणि ती त्यांना उघडू देत नव्हती. तेवढंच एक काम जगात उरलं होतं. बाळ रडायला लागलं. भाजलं म्हणून की ओरडण्याने, कळायला मार्ग नव्हता. मग तिला सुचलं ते भीतीनेच सुचलं. तिने दोन्ही हातांनी दगड आईच्या मुठीतून हिसडून स्वतःकडे ओढला आणि सोडून दिला. तो तिच्या ओटीपोटावर, पट्टीच्या वर, धप्पकन पडला. फक्त वजन कळलं. तिथे तो हवा तेवढा वेळ पडून राहिला असता. तिने कोपराने त्याला खाटेवरून खाली ढकललं. फरशीवर मोठा आवाज झाला, आणि दार उघडून झैतुन मिसी धावत आली.

बाळाला काही झालं नव्हतं. मिसीने दिव्याखाली धरून पुढून मागून बघितलं, सालवानीने बघितलं, पुन्हा बघितलं, पुन्हा बघायला मागितलं. तेओह आला तोवर मिसी खाटेशीच तिच्या हातावर गार पाणी ओतत होती. त्याने मांडी बघितली, पोट बघितलं, मग म्हणाला, "नळी तशीच राहू दे. मांडीवरचं उद्या-परवा, पंप बंद केला की, बोलायला लागेल, तेव्हा बघू. हाताचं मात्र माझ्याकडे काही नाही. तिथपर्यंत माझा पंप पोचत नाही. किती दुखतंय?"

"नऊ," सालवानी म्हणाली. "दहा म्हणायला हवं, पण मला अजून पुढचं ठाऊक नाही."

तो गेला. मिसी मलम आणायला गेली. पाळण्यात बाळ हुंदके देत देत शांत होत होतं. आई भिंतीला पाठ लावून उभी होती, दोन्ही हात सारोंगच्या ओच्यात गुंडाळून, चेहरा राखेसारखा. सालवानीचा राग आता कुठे जागा झाला, भीतीच्या मागून उशिरा पोचणारा. हाताची आग कमी होत नव्हती आणि कुणावर तरी ती काढायला हवी होती.

"सगळ्या गावाला शेकलंस तू," ती म्हणाली. "प्रत्येक वेळी आधी आपल्या तळहाताला लावून बघायचीस. मी उंबऱ्यात बसून बघितलंय. आज लावलंस? माझ्या पोरीला लावायच्या आधी स्वतःला लावून बघायला काय झालं होतं तुला?"

आईने हात ओच्यात अजून आत ओढून घेतले.

"बोल ना, माक."

"लावलं होतं," आई हळूच म्हणाली.

"मग?"

आईने ओच्यातून हात बाहेर काढले. चोरीचा माल दाखवावा तसे, अर्धेच उघडून. दोन्ही तळव्यांवर पाण्याने टम्म फोड आले होते, उजव्यावरचा फुटून कातडी लोंबत होती, आणि त्याखाली, बोटांच्या पेरांशी, जुने डाग होते, तपकिरी, चकाकणारे, वेगवेगळ्या वर्षांचे. सालवानी दर महिन्याला फोनवर तिची साखर किती ते विचारायची. आकडा ऐकायची, औषध बदलायची, फोन ठेवायची. हात बघायचे राहून गेले होते. तिने आईच्या चेहऱ्याकडे बघितलं. एवढे फोड आलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर जे असायला हवं ते तिथे काहीच नव्हतं. लाज होती फक्त.

"दुखत नाही?"

आईने मान हलवली. "बरेच दिवस झाले. चूल, तवा, काहीच कळत नाही. कुणाला सांगायचं? लोक बोलावणं बंद करतील." ती पाळण्याकडे बघत होती, पण जवळ जात नव्हती. "माझ्या हातांना कळत नाही, वानी. म्हणून तर तुला विचारलं."